हिरड्यांचा रोग, त्यावरील उपचार आणि शरीरव्यायाम

बैलबाजारांत गेलेला शेतकरी बैलाच्या वशिंडावर हात ठेवण्यापूर्वीं त्याचें तोंड उघडतो. जनावर आदत आहे, चार दाती आहे कीं जुळलेलें आहे, हें पाहिल्यावांचून कोणीहि सौद्याचा शब्द काढीत नाहीं. पण तोच गृहस्थ स्वतःच्या तोंडांत काय चाललें आहे, हें वर्षानुवर्षें पाहत नाहीं. चूळ भरतांना रक्त दिसलें तर 'उष्णता झाली' म्हणून सोडून देतो, दाढ हलूं लागली म्हणजे लवंग धरतो, आणि एके दिवशीं ती दाढ भाकरीच्या घासाबरोबर हातांत येते. जनावराच्या दांतांवरून किंमत ठरविणाऱ्या आपणां लोकांस आपल्या दांतांची किंमत मात्र ते गेल्यावरच कळते.

अलीकडे आमच्या ओळखीच्या बऱ्याच कृषक बंधूंनीं तालुक्याच्या गांवीं जाऊन हिरड्यांवर उपचार करून घेतले. त्यांच्या बोलण्यांतून दोन गोष्टी वारंवार ऐकूं येतात. एक प्रश्न असा कीं, दांत साफ करून घेतल्यानंतर नियमानें व्यायाम केला, तर गुण लवकर व टिकाऊ येतो काय? दुसरा प्रश्न नव्हे, तर ठाम मतच आहे : जो रोज अंग मोडून काम करतो किंवा जोर-बैठका काढतो, त्यानें दंतवैद्याची पायरी चढण्याचें कारण नाहीं. पहिला प्रश्न विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या मताची किंमत आम्हीं स्वतः दोन दाढा देऊन चुकती केली आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस थोडाफार पोंचतो, असें वाटतें.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत बसून गेलें. पन्नाशी उलटतां उलटतां भाकरीच्या तुकड्यावर रक्ताचा डाग दिसूं लागला. गांवच्या तालमींतील एका वृद्ध वस्तादांनीं मोठ्या प्रेमानें सांगितलें, "अण्णा, रोज शंभर बैठका काढा. अंगांत रक्त फिरेल, हिरड्या आपोआप आवळतील." आम्हीं आठ महिने त्यांचें ऐकलें. शरीर हलकें झालें, झोंप चांगली लागूं लागली, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पण हिरड्यांतून रक्त येणें थांबलें नाहीं. कारण हिरड्यांखालीं जें साचलें होतें त्याला आमच्या बैठकांची वार्ताहि नव्हती. अखेर दंतवैद्याकडे गेलों तेव्हां दोन दाढांच्या मुळाशीं धरून ठेवण्यापुरतें हाड उरलेलें नव्हतें. त्यांनीं त्या दाढा काढल्या, उरलेल्या दांतांचें कीटण काढलें, आणि रक्त तपासून आणण्यास सांगितलें. साखर वाढलेली निघाली. वस्तादांचा यांत दोष नाहीं. त्यांनीं जें ऐकलें होतें तें सांगितलें. दोष आमचा, कीं आम्हीं आठ महिने आरशापुढें तोंड उघडून पाहिलें नाहीं.

हा रोग आहे तरी काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. दांताच्या मुळाशीं, हिरडीच्या कडेला, जंतूंचा एक चिकट व पातळ थर रोज बसतो. तो रोज पुसला गेला तर कांहीं पीडा नाहीं. पुसला गेला नाहीं, तर लाळेंतील क्षारांनीं तो कडक होतो. त्यासच आपण कीटण म्हणतों. या थरामुळें हिरडी लाल होते, सुजते, आणि हात लागतांच रक्त येतें. ही पहिली पायरी होय, आणि येथून माघार घेतां येते. १९६५ सालीं डेन्मार्क देशांतील ऑर्हूस येथें हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनीं बारा निरोगी माणसांस दांत घासणें अगदीं बंद करावयास लावलें. दहा ते एकवीस दिवसांच्या आंत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हां सुरू केल्यावर सुमारें आठवडाभरांत त्या पूर्ववत् झाल्या. इतका साधा प्रयोग, पण त्यानें जंतूंचा थर हेंच सुजेचें कारण असल्याचें स्पष्ट झालें.

दुसरी पायरी याहून वाईट. सूज बरीच वर्षें राहिली म्हणजे हिरडी दांतापासून सुटूं लागते व दोहोंच्या मध्यें एक कप्पा तयार होतो. दंतवैद्य खुणा केलेली बारीक, बोथट सळई घालून तो मोजतात. निरोगी माणसांत त्याची खोली तीन मिलिमीटरांपर्यंत असते. चार किंवा अधिक भरली तर रोगाची शंका, आणि सहा किंवा अधिक भरली तर काम अवघड. कप्प्याच्या आंत दांत धरून ठेवणारें हाड झिजत जातें, आणि गेलेलें हाड सहसा परत येत नाहीं. हाच आपल्याकडे 'पायोरिया' या नांवानें ओळखला जाणारा रोग. सुश्रुतसंहितेंत दंतमूळाचे पंधरा रोग सांगितले आहेत, आणि त्यांतील शीताद व दंतवेष्ट यांच्या वर्णनांत रक्त येणें, पू येणें व दांत हलणें हीं लक्षणें आहेतच. म्हणजे व्याधि नवी नाहीं. आज ती किती पसरलेली आहे, याची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालावरून येईल : पंधरा वर्षांवरील सुमारें १९ टक्के लोकांस, म्हणजे शंभर कोटींहून अधिक माणसांस, हा रोग तीव्र स्वरूपांत आहे.

यावरील मुख्य उपचार म्हणजे कप्प्यांत शिरून दांताच्या मुळावरचें कीटण खरवडून काढणें. हरळी वरून कापली तर आठ दिवसांत पुन्हां हिरवी होते; मुळ्या खणून वेचाव्या लागतात. तसेंच हें आहे. पण खणून वेचणें झालें म्हणजे शेत लगेच पिकाखालीं आलें, असें होत नाहीं. पुढें जमिनीची ताकद, ओल, आणि मालकाची देखरेख यांवर सारें अवलंबून असतें. कीटण काढल्यानंतर हिरडी पुन्हां दांताला घट्ट चिकटावयाची, तर तें काम शरीरानेंच करावयाचें असतें. दंतवैद्य अडथळा दूर करतात. भरून काढणारें शरीर असतें. व्यायामाचा प्रश्न येतो तो येथें, खरवडण्याच्या नंतर आणि खरवडण्याच्या जोडीला. त्याच्या ऐवजीं नव्हे.

हें 'ऐवजीं नव्हे' आम्ही जोर देऊन लिहितों त्याला आमच्या दाढांपेक्षां मोठा आधार आहे. १९७० सालापासून पंधरा वर्षें श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांच्या तोंडांची पाहणी झाली. वर उल्लेख केलेले लोए हेच या कामाचे प्रमुख होते, आणि निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध झाले. हे लोक दांत साफ करण्याचा कोणताहि उपाय करीत नसत, आणि दंतवैद्यहि त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. त्यांचे दांत किडलेले जवळजवळ नव्हतेच. पण हिरड्या बहुतेक सर्वांच्या सुजलेल्या. शंभरांत ८ जणांचा रोग झपाट्यानें वाढला व पंचेचाळिशीपर्यंत त्यांचें तोंड रिकामें झालें. ८१ जणांचा मध्यम गतीनें वाढला. फक्त ११ जणांच्या बाबतींत तो सुजेच्या पुढें गेला नाहीं. या पाहणींत व्यायामाचा विचार केलेला नव्हता, हें खरें. पण मळ्यांतला मजूर बैठ्या कामाचा माणूस नव्हे, हें कोणासहि सांगावयास नको. अंगमेहनतीनेंच हिरड्या राखल्या जात असत्या, तर या लोकांच्या राखल्या गेल्या असत्या.

मजुरांस पोटभर व कसदार अन्न मिळत नसेल, अशी शंका कोणी घेईल. तर दुसरें टोक पाहावें. २०१२ सालच्या लंडन येथील ऑलिंपिक खेळांच्या वेळीं ३०२ खेळाडूंची तोंडें तपासण्यांत आलीं. जगांतील निवडक शरीरें हीं! त्यांपैकीं ७६ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या आढळल्या आणि १५ टक्क्यांना हाडापर्यंत पोंचलेला रोग होता. व्यायामानें छाती रुंद होते, दंड भरतात. दांताच्या कडेचा चिकट थर त्यानें पुसला जात नाहीं.

मग व्यायामाचा या रोगाशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो चांगला आहे. अमेरिकेंत आरोग्यव्यवसायांतील ४० ते ७५ वर्षें वयाच्या हजारों पुरुषांची माहिती १९८६ सालापासून अनेक वर्षें गोळा करण्यांत आली. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें सर्वांत अधिक हालचाल करणाऱ्या गटांत हिरड्यांच्या रोगाचा धोका सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षां सुमारें १३ टक्क्यांनीं कमी होता. २००५ सालीं त्याच देशांतील दुसऱ्या एका मोठ्या पाहणीवरून असें दिसलें कीं, वजन योग्य, आहार चांगला आणि व्यायाम पुरेसा, या तिन्ही गोष्टी ज्यांनीं सांभाळल्या त्यांच्यांत हा रोग असण्याचा संभव एकहि न सांभाळणाऱ्यांपेक्षां सुमारें ४० टक्क्यांनीं कमी होता. तेरा टक्के म्हणजे कांहीं चमत्कार नव्हे. आणि व्यायाम करणारा मनुष्य बहुधा तंबाखू कमी खातो व दांतहि नीट घासतो, तेव्हां श्रेय कोणाला किती द्यावयाचें हें हिशेबी माणसानें जपूनच ठरवावें. संशोधकांनींहि अशा गोष्टी शक्य तितक्या वजा करूनच आंकडे मांडलेले असतात. तरीहि जें उरतें तें शून्य नाहीं.

हें कसें घडत असावें? एक मार्ग असा. हिरडीचा नाश केवळ जंतूंनींच होतो असें नाहीं. जंतूंशीं लढतांना शरीर स्वतःच जी आग पेटवितें, तिच्यांत हिरडीचे धागे व हाड होरपळतें. बांधावरचें गवत जाळण्यास लावलेला विस्तव उभ्या पिकांत शिरावा, तसा प्रकार. २००० सालच्या सुमारास कोपनहेगन येथील बेंटे क्लार्लुंड पेडरसन या विदुषींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, काम करणारा स्नायु रक्तांत कांहीं द्रव्यें सोडतो. पुढें असें आढळलें कीं, त्यांच्यामुळें दाहाला आवर घालणारीं दुसरीं द्रव्यें शरीरांत वाढतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या अंगांत ही धुमसणारी आग सामान्यतः मंद असते. पोटावरची चरबी ती आग वाढविते, आणि व्यायामानें ती चरबी उतरते. असाहि दुहेरी लाभ आहे.

दुसरा मार्ग साखरेचा, आणि आमच्या मतें शेतकऱ्यांच्या दृष्टीनें हाच अधिक महत्त्वाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाखालीं झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत भारतांत सुमारें १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. हा शहरांतल्या शेटजींचा रोग, ही समजूत आतां सोडून दिली पाहिजे. मधुमेह्यास हिरड्यांचा रोग होण्याचा संभव इतरांच्या सुमारें तिप्पट असतो, आणि साखर जितकी बेताल तितका रोग चिवट. वाढलेल्या साखरेनें जखम भरण्याची शक्ति मंदावते, जंतूंशीं लढणाऱ्या पेशी नीट काम करीत नाहींत, आणि कीटण कितीहि काळजीपूर्वक काढलें तरी कप्पा अपेक्षेप्रमाणें भरून येत नाहीं.

याची उलट बाजूहि आहे, ती अनेकांस ठाऊक नसते. सुजलेल्या हिरड्याच साखर वाढवितात! अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब करून २०२२ सालीं कॉक्रेन या संस्थेनें प्रसिद्ध केलें कीं, मधुमेह्याच्या हिरड्यांवर उपचार केल्यास मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारा जो रक्ताचा आंकडा असतो, ज्यास एचबीए१सी म्हणतात, तो तीन-चार महिन्यांत सरासरीनें ०.४३ नें उतरतो. २०११ सालच्या दुसऱ्या एका हिशेबांत असें निघालें होतें कीं, प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहांत नियमबद्ध व्यायामानें तोच आंकडा सरासरीनें ०.६७ नें उतरतो. त्यांतहि आठवड्यास १५० मिनिटांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांचा ०.८९ नें, आणि त्याहून कमी करणाऱ्यांचा अवघा ०.३६ नें. केवळ 'व्यायाम करा' असा उपदेश ऐकून, आहारांत कांहींच फरक न करणाऱ्यांचा मात्र उतरला नाहीं. (उपदेश ऐकण्यानें साखर उतरती, तर आमच्या गांवांत मधुमेह राहताच ना.) आतां हे दोन्ही आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. दंतवैद्याचें काम व चालण्याचें काम हीं एकाच गाड्याला जुंपलेलीं आहेत. एक हिरडीकडून साखर उतरवितें, दुसरें साखरेकडून हिरडीला हात देतें.

इतकें लिहून झाल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हिरड्यांवर उपचार झालेल्या माणसांचे दोन गट करावे, एकास व्यायाम द्यावा, दुसऱ्यास देऊं नये, आणि मग कप्पे मोजावे, असे प्रयोग फार थोडे झाले आहेत. युरोपांतील हिरड्यांच्या वैद्यांच्या महासंघानें २०२० सालीं जीं उपचारांचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत तंबाखू सोडविणें व मधुमेह आटोक्यांत आणणें यांची शिफारस स्पष्ट शब्दांत आहे. व्यायामाबद्दल मात्र, त्याचा उपचारावर इष्ट परिणाम होतो कीं नाहीं हें निश्चित ठाऊक नाहीं, असेंच म्हटलें आहे. म्हणजे तिकडच्या जाणत्या लोकांनींहि हा खातेउतारा अद्याप कोराच ठेवला आहे. आमचें मत असें कीं, मधुमेह किंवा वाढलेलें वजन असलेल्या माणसानें या निकालाची वाट पाहूं नये. साखरेवर व्यायामाचा गुण सिद्ध आहे, साखरेचा हिरडीशीं संबंध सिद्ध आहे. मधला दुवा पुढेंमागें कोणी मोजील तेव्हां मोजील. ज्याची साखर ठीक, वजन ठीक, त्यानें हिरड्यांसाठीं म्हणून व्यायामापासून फार मोठी अपेक्षा ठेवूं नये. व्यायाम त्यास इतर शंभर कारणांसाठीं करावयाचा आहेच.

"आम्ही तर दिवसभर शेतांतच असतों, आणखी व्यायाम कशाला?" असें आमचे वाचक विचारतील. प्रश्न योग्य आहे, आणि शेतांतलें कष्टाचें काम हालचालींत धरलें जातें यांत वाद नाहीं. पण आपण खरोखर किती चालतों, हें एक आठवडा टिपून पाहावें. नांगरट ट्रॅक्टरनें होते, मळणी यंत्रानें होते, खुरपणीस बाया लावतों, बांधापर्यंत मोटरसायकल जाते, आणि विहिरीवरचा पंप पुष्कळ ठिकाणीं घरीं बसून मोबाइलवर सुरू करतां येतो. आम्ही नोकरींत नवे होतों तेव्हां पीकपाहणीस शिवारभर पायीं हिंडल्यावांचून गत्यंतर नसे. पुढें आम्हीच गाडीवरून उतरेनासे झालों. शिवाय शेताचें काम हंगामी. पेरणीच्या पंधरवड्यांत अंग मोडावें आणि मग दोन महिने पारावर बसावें, यानें साखर ताब्यांत राहत नाहीं. व्यायामाचा गुण थोडका व रोजचा असण्यांत आहे.

किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम प्रतीची हालचाल सांगितली आहे, आणि त्यासोबत दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे इतपत कीं, बोलतां यावें पण गातां येऊं नये. रोज अर्धा तास झपाट्यानें शिवारफेरी केली व त्यांत आठवड्यांतून दोनदां जोर-बैठकांची भर घातली, कीं हें सहज पुरें होतें. सूर्यनमस्कार उत्तम; औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांचा प्रसार घरोघर व्हावा म्हणून जन्मभर खटपट केली, आणि त्यांस ना जागा लागते ना खर्च. आपल्या वैद्यकग्रंथांनीं व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे. चाळिशीनंतर प्रथमच आरंभ करणाऱ्यानें तें विशेष लक्षांत ठेवावें. छातींत दुखणें, धाप लागणें असे विकार असतील, किंवा साखरेच्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांस विचारूनच सुरुवात करावी. उपाशी पोटीं फार श्रम केल्यास अशा माणसाची साखर एकाएकीं खालीं जाण्याचा संभव असतो. जेवणानंतरची शतपावली मात्र आपल्या वाडवडिलांनीं घालून दिलेली चाल आहे, आणि ती अगदीं शास्त्रशुद्ध ठरली आहे. २०१३ सालीं अमेरिकेंत वयस्क माणसांवर झालेल्या एका छोट्याशा प्रयोगांत प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटें चालल्यानें दिवसभराची साखर सुधारलेली दिसली. शंभर पावलांनीं पंधरा मिनिटें भरत नाहींत, एवढेंच पाहावें.

खरवडण्याच्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं मात्र पोतीं उचलूं नयेत, बैठका काढूं नयेत, शीर्षासन तर मुळींच करूं नये. दाढ काढली असेल किंवा हिरडीवर शस्त्रक्रिया झाली असेल तर दंतवैद्य सांगतील तितके दिवस थांबावें. रक्ताचा दाब वाढला म्हणजे नुकती धरलेली गुठळी सुटते व रक्त पुन्हां सुरू होतें. आमच्या माहितींतील एक गृहस्थ दाढ काढून आले आणि त्याच सायंकाळीं ट्रॉलींतून कांद्याच्या गोण्या उतरवूं लागले. रात्रीं त्यांस परत तालुक्याला न्यावें लागलें.

तंबाखूविषयीं लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं, आणि लिहिलेलें कोणास आवडणार नाहीं. सकाळीं चार मैल चालावयाचें आणि वाटेंत तीनदां चुना-तंबाखू मळावयाची, हा व्यायाम हिरड्यांच्या खात्यावर जमा होत नाहीं. ज्या ठिकाणीं गोळी धरतात त्या ठिकाणची हिरडी खालीं सरकते व मूळ उघडें पडतें. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांस कीटण काढल्याचा गुण कमी येतो, हें वारंवार दिसून आलें आहे. आणि त्यांतली फसवणूक अशी कीं, धुरानें हिरडीतून रक्त येणें कमी होतें, म्हणून रोग नाहींच असें वाटतें. घरांतील बायका मिश्री लावतात. ती दांत स्वच्छ करण्याची वस्तु नव्हे, भाजलेली तंबाखूच होय. पुरुषांनीं आपले दांत दाखवून यावें आणि घरच्या मंडळींनीं मिश्री लावीत बसावें, हें आम्हांस बरें दिसत नाहीं. त्यांचींहि तोंडें दाखवावीं. बाभळीचें किंवा कडुनिंबाचें दातवण वाईट नाहीं, पण तें दांतांच्या फटींत व आंतल्या बाजूस पोंचत नाहीं. मऊ कुंचल्यानें दोन वेळां घासणें, आणि फटींसाठीं दंतवैद्य दाखवतील तें साधन वापरणें, याला पर्याय नाहीं.

आणखी एक समजूत. 'दांत साफ केले कीं ते हलूं लागतात.' खरी गोष्ट अशी कीं, कीटणाचे थर आधाराच्या भिंतीसारखे दांतांस चिकटून असतात. ते काढल्यावर आधींच सैल झालेला दांत आपलें खरें रूप दाखवतो. सूज उतरल्यामुळें हिरडी आंखडते, दांत लांब दिसूं लागतात, थंड पाणी कांहीं दिवस झोंबतें. हें पाहून पुष्कळ लोक दुसऱ्या खेपेला जातच नाहींत. वास्तविक सूज गेल्यावर थोडेसे हलणारे दांत बहुधा कांहीं आठवड्यांत पूर्वीपेक्षां घट्ट बसतात. फार हललेले दांत बसत नाहींत, आणि ते व्यायामानेंहि बसत नाहींत.

आमच्या स्वतःच्या तोंडाचा हिशेब थोडक्यांत देतों. पहिल्या उपचारानंतर तीन महिन्यांनीं मोजणी झाली, तेव्हां कप्पे विशेष भरले नव्हते. साखरहि जशीच्या तशी होती. गोळ्या वेळेवर घेत नव्हतों, आणि बैठका तर दाढा गेल्याच्या रागानें सोडूनच दिल्या होत्या. दंतवैद्यांनीं पुन्हां कीटण काढलें व स्पष्ट सांगितलें कीं, पुढचें काम त्यांच्या हातांत नाहीं. त्यानंतर रोज सकाळीं ओढ्यापर्यंत जाऊन येणें, रात्रीं जेवणानंतर चालणें आणि गोळ्या, हें तिन्ही नेमानें केलें. पुढच्या मोजणींत सहांचे कप्पे चारांवर आले, आणि रक्त येणें जवळजवळ थांबलें. हा गुण चालण्याचा, असें म्हणण्याचा मोह झाला, पण दंतवैद्यांनीं हंसून विचारलें, "आणि गोळ्या? आणि घासणें?" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. एका तोंडावरून सिद्धांत काढणें म्हणजे एका वाफ्यावरून गांवची आणेवारी ठरविण्यासारखें आहे.

उपचारास केव्हां जावें, हें मात्र शेतकऱ्यानें आपल्या हंगामावरून ठरवावें, अशी आमची सूचना आहे. कीटण काढल्यावर दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां मोजणी करावी लागते, आणि पुढें बहुधा दर तीन-चार महिन्यांनीं दाखवावें लागतें. रब्बीची काढणी उरकतांच, फाल्गुनाच्या अखेरीस पहिली खेप केली, तर दुसरी खेप ज्येष्ठांत, मृगाच्या पेरणीपूर्वीं होते. मधले उन्हाळ्याचे दिवस मोकळे असतात. पहांटेच्या थंडाव्यांत चालण्याची संवय लावून घेण्यास त्याहून चांगले दिवस नाहींत. तिसरी खेप भाद्रपदाच्या शेवटीं, खरिपाच्या काढणीची धांदल सुरू होण्यापूर्वीं उरकावी. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें सरकारी दंत महाविद्यालयें आहेत. जातांना साखरेच्या तपासणीचा अलीकडचा कागद बरोबर न्यावा. तो विचारला जाईलच.